‘तिथली’ बिअर म्हणजे नेमकी कुठली? जपानी डोंगरातला एक प्रश्न



गेल्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं, ‘‘स्थानिक हा शब्द आता ज्याच्या त्याच्यावर छापलेला असतो. मधावर, तांदळावर, साबणावरसुद्धा. या शब्दाला काही अर्थ उरला आहे, की ती नुसती विक्रीची युक्ती?’’ वेळ संपली होती म्हणून आम्ही उत्तर पुढे ढकललं. आज ते देण्याचा प्रयत्न करू.

त्यासाठी आम्ही उदाहरण निवडलं आहे ते जपानच्या डोंगराळ मुलुखातल्या बिअरचं. तत्त्वज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापकांनी बिअरवर बोलावं याचं काहींना नवल वाटेल. तेव्हा आधीच कबूल करून टाकू : आम्ही पिणाऱ्यांतले नाही. चवीबद्दल आमच्याकडून काही अपेक्षा ठेवू नका. पण व्याख्या तपासत बसायची आम्हाला जन्माची खोड आहे, आणि व्याख्येच्या दृष्टीने बिअरइतकं अवघड पेय दुसरं नाही.

अवघड का, ते आधी पाहू. वर्गात शिकवताना आम्ही वर्षानुवर्षं एक जोडी वापरत असू : वाइन ही जागेची असते आणि बिअर ही कारखान्याची असते. याला कारण आहे. द्राक्ष थांबत नाही. तोडलं की ते लवकर गाळावं लागतं, म्हणून वाइन बहुधा द्राक्षमळ्याच्या जवळच तयार होते. बार्लीचं, म्हणजे जवाचं, तसं नाही. तिला मोड आणायचे, ते वाळवायचे, भाजायचे. हा झाला माल्ट. आपल्याकडे मोडाच्या नाचणीचं सत्त्व करतात, त्यातलीच ही युक्ती. असा कोरडा माल्ट महिनोन् महिने टिकतो. पोत्यात भरा, जहाजावर चढवा, जगाच्या पाठीवर कुठेही उतरवा. तिथे तो भरडून गरम पाण्यात भिजवला की दाण्यातल्याच विकरांमुळे पिठाची साखर होते. तो गोड काढा हॉपची फुलं घालून उकळायचा, गार करायचा आणि यीस्ट घालून आंबवायचा. हॉपसुद्धा वाळवून, दाबून, गोळ्या करून पाठवता येतो. थोडक्यात, बिअरचा सगळा कच्चा माल प्रवासाला तयार असतो. म्हणून आम्ही म्हणायचो की बिअरला गाव नसतं.

हे उदाहरण अपुरं होतं, हे आम्हाला निवृत्तीनंतर कळलं. कळलं ते जपानमुळे.

आता जरा इतिहास. जपानमध्ये बिअर करण्याचा परवाना हवा, तर वर्षाला निदान २००० किलोलिटर, म्हणजे वीस लाख लिटर बिअर काढली पाहिजे, असा नियम होता. हे गावातल्या माणसाचं काम नव्हे. त्यामुळे बाजार मोजक्या मोठ्या कंपन्यांच्या हातात राहिला : आसाही, किरिन, सप्पोरो, सन्तोरी. १९९४ साली ही मर्यादा एकदम ६० किलोलिटरवर आणली गेली, आणि मग गावोगाव छोट्या भट्ट्या निघाल्या. त्यांच्या बिअरला नाव पडलं ‘जि-बीरु’. ‘जि’ म्हणजे भूमी, जमीन. ‘बीरु’ म्हणजे बिअर.

या ‘जि’ची छटा आपल्याला चटकन समजेल. आपला ‘गावठी’ हा शब्द घ्या. तो एके काळी हिणवायला वापरत असत, आणि आज ‘गावठी तूप’ म्हटलं की लोक दोन पैसे जास्त मोजतात. ‘जि’चंही साधारण तसंच झालं. शहरापलीकडची, खेड्यातली वस्तू म्हणून जो शब्द थोडा कमीपणाचा होता, तोच मिरवायचा झाला. नव्वदच्या दशकाच्या शेवटी अशा भट्ट्या तीनशेच्या घरात गेल्या होत्या. पुष्कळ भट्ट्या पर्यटनस्थळी होत्या. पाहुण्याने येताना एक बाटली आठवण म्हणून न्यायची, एवढाच हिशेब. किंमत भारी, बिअर बेताची; पाहुणा दुसऱ्यांदा काही घेईना. अनेक भट्ट्या बंद पडल्या. म्हणजे गावाचं नाव चिकटवल्याने वस्तू गावाची होत नाही, हा धडा जपानने लवकर गिरवला. पुढे ज्या टिकल्या आणि नव्याने निघाल्या, त्यांनी ‘क्राफ्ट बिअर’ हे दुसरं नाव जवळ केलं.

आता कायद्यातली दुसरी गंमत. जपानी करकायद्यात ‘बिअर’ कशाला म्हणायचं हे लिहिलेलं आहे. २०१८ पर्यंत नियम असा होता की पाणी आणि हॉप सोडून जो माल वापराल, त्यात दोन तृतीयांश माल्ट हवा. आणि उरलेल्यात तांदूळ, मका, बटाटा, स्टार्च, साखर असे ठरावीकच पदार्थ चालतील. समजा तुम्ही सगळा माल्टच वापरला, पण वरून डोंगरातल्या सानशोचे, म्हणजे आपल्या तिरफळाच्या जपानी भावंडाचे, चार दाणे टाकले. झालं! कायद्याने ती बिअर उरली नाही. तिचं नाव ‘हाप्पोशु’, म्हणजे फेसाळ दारू. आणि गंमत अशी की माल्ट निम्म्याहून जास्त असलेल्या हाप्पोशुवर कर मात्र बिअरइतकाच. नाव गेलं, सवलतही नाही.

मग कुणी हे करायचं तरी कशाला? त्यालाही कारण आहे. बिअरच्या परवान्याला वर्षाला ६० किलोलिटर लागतात, हाप्पोशुच्या परवान्याला फक्त ६. एखाद्या जोडप्याने छोटंसं दुकान काढायचं म्हटलं तर ६० किलोलिटर झेपत नाही, ६ झेपतात. तेव्हा बिअरमध्ये गावचं काहीतरी फळ, काही पाला, काही मसाला टाकायचा आणि कायद्याच्या भाषेत हाप्पोशु करायची. म्हणजे ‘स्थानिक चव’ म्हणून जे आपण कौतुकाने पाहतो, त्यातलं काही परवान्याच्या अटीतून जन्माला आलं आहे! यात कमीपणा मानायचं कारण नाही. बऱ्याच परंपरांचं मूळ खणलं तर तळाशी असा एखादा कर सापडतो.

एप्रिल २०१८ मध्ये व्याख्या बदलली. माल्टचं प्रमाण दोन तृतीयांशावरून निम्म्यावर आलं आणि नव्या पदार्थांची यादी जोडली गेली : फळं, मसाले, वनौषधी, भाज्या, बकव्हीट, तीळ, मध, मीठ, मिसो, फुलं, चहा, कॉफी, कोको, इतकंच काय, कालवं, समुद्रशेवाळ आणि सुक्या बोनितो माशाचे कापसुद्धा. अट एकच : हे सगळं मिळून माल्टच्या वजनाच्या ५ टक्क्यांच्या आत असावं. म्हणजे ३१ मार्चला जी वस्तू बिअर नव्हती ती १ एप्रिलला बिअर झाली, वस्तूत काडीचाही फरक न पडता. नाव आणि वस्तू यांच्या नात्याचा याहून चांगला नमुना आम्हाला कुठल्या ग्रंथात मिळाला नाही.

असो. आता मूळ प्रश्न : ‘तिथली’ म्हणजे काय?

पहिलं उत्तर सगळ्यांना सुचतं ते असं की माल तिथला असला म्हणजे वस्तू तिथली. आपल्या परंपरेच्या भाषेत, उपादान कारण पाहा. घट मातीचा, माती ज्या गावची, घट त्या गावचा. दिसायला हे चोख आहे. पण बिअरला लावून पाहा. बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं, आणि पाणी बहुतेक वेळा तिथलंच असतं. मग जगातली जवळजवळ प्रत्येक बिअर स्थानिक ठरली! पाणी वगळलं तर उरतो माल्ट, आणि जपानी भट्ट्यांचा माल्ट बहुतांशी परदेशातून येतो. मग एकही स्थानिक नाही! एकाच नियमाने सगळं आत किंवा सगळं बाहेर. जो नियम काहीच वेगळं करून दाखवत नाही तो नियम निरुपयोगी. टक्केवारी मोजून हा प्रश्न सुटत नाही.

इथे एका जपानी तत्त्वचिंतकाची मदत घेऊ. वात्सुजी तेत्सुरो. १९२७ साली हे बर्लिनमध्ये होते, तेव्हा हायडेगरचा ‘अस्तित्व आणि काल’ हा ग्रंथ नुकताच आला होता. वात्सुजींना वाटलं की यात माणसाच्या काळाचा विचार खोल आहे, पण स्थळाचा तितका नाही. त्यातून पुढे त्यांचं पुस्तक झालं, १९३५ साली : ‘फूदो’. हा शब्द दोन अक्षरांचा : वारा आणि माती. आपण ‘तिथलं हवापाणी मानवलं’ म्हणतो ना, तसा.

वात्सुजी म्हणतात, थंडी ही आधी बाहेर असलेली वस्तू आणि मग ती आपल्याला जाणवते, असं नसतं. थंडी जाणवते तेव्हा आपण थंडीत असतोच. आणि तिच्यात आपण स्वतःला ओळखतो ते काहीतरी करून : अंगावर काही ओढून घेतो, शेगडीजवळ सरकतो, घर बांधतो. म्हणजे जागा ही माणसाच्या पलीकडे पडलेली चीज नव्हे. तिला दिलेल्या उत्तरांतून ती आपल्याला कळते. पुढे त्यांनी मोसमी, वाळवंटी, कुरणांचा असे प्रदेशांचे प्रकार पाडले, आपल्याला जपानबरोबर मोसमी खात्यात टाकलं आणि हवामानावरून अख्ख्या समाजांचे स्वभाव सांगितले. तिथे आमचं त्यांच्याशी पटत नाही. इतरांनीही त्यावर टीका केली आहे. पण थंडीचं उदाहरण पक्कं आहे.

त्यावरून आम्ही एक कसोटी काढली आहे. हीच भट्टी, हीच कृती उचलून दुसरीकडे ठेवा. काय हरवतं? काहीच हरवत नसेल तर वस्तू तिथली नाही. काही हरवत असेल तर काय हरवतं ते नीट सांगा. तेवढ्यापुरती ती तिथली.

आता चार उदाहरणं घेऊ.

पहिलं कारुइझावाचं. नागानो प्रांतातलं हे थंड हवेचं ठिकाण. तिथली यो-हो ब्रूइंग १९९७ पासून ‘योना योना एल’ काढते. बिअर अमेरिकन धर्तीची, हॉप अमेरिकन कॅस्केड जातीचा. जपानभर डब्यांतून विकली जाते आणि लोकांना आवडते. पण भट्टी हलवली तर? पाणी बदलेल, पण पाण्यातले क्षार कमीजास्त करायची विद्या आता सर्वांकडे आहे. फार काही हरवणार नाही. बिअर उत्तम, पण आमच्या कसोटीने ‘तिथली’ थोडीच.

दुसरं ‘कागुआ’ नावाच्या बिअरचं. हिच्यात युझु हे जपानी लिंबू आणि सानशो घालतात. जपानी जेवणाबरोबर घ्यावी अशा बेताने ती रचलेली. पण सुरुवातीला ती तयार करून घेतली जाई कुठे, तर बेल्जियममध्ये! म्हणजे सुगंध जपानी, भट्टी युरोपातली. जे युझु आणि सानशो बेल्जियमला गेले, ते आणखी कुठेही जाऊ शकतात. सुगंधाने वस्तूला ओळख मिळाली, पत्ता मिळाला नाही.

तिसरं शिगा कोगेनचं. हे नागानोचं उंच पठार. १९९८ च्या हिवाळी ऑलिंपिकच्या काही शर्यती इथे झाल्या. पायथ्याच्या यामानोउची गावात तामामुरा होन्तेन नावाचं घराणं १८०५ पासून साके, म्हणजे तांदळाची दारू, करतं. त्यांनी २००४ मध्ये बिअर सुरू केली, आणि नुसती भट्टी न लावता शेतात उतरले. हॉप लावला, साकेचा तांदूळ लावला. त्यांच्या ‘मियामा ब्लाँड’ या बिअरमध्ये मियामा निशिकी जातीचा तांदूळ असतो. ही जात नागानोतच निपजलेली, थंडीला टिकणारी, खास साकेसाठीची.

इथे जरा थांबा. बिअरमध्ये तांदूळ ही काही नवलाई नाही. मोठे कारखानेही तो घालतात, बिअर हलकी आणि स्वच्छ लागावी म्हणून, आणि जाणकार नाक मुरडतात की ही भेसळच. तांदूळ इथेही तेच काम करतो. पण इथे तो भर म्हणून येत नाही. त्या घराने दोनशे वर्षं जे धान्य हाताळलं त्याची ती पुढची पायरी आहे. वस्तू तीच, नातं वेगळं, म्हणून अर्थ वेगळा. भट्टी दुसरीकडे नेली तर तांदूळ पोत्यातून नेता येईल. पण पेरणारा आणि आंबवणारा एकच असणं नेता येणार नाही.

याहून पक्कं उदाहरण ताज्या हॉपचं. हॉप ही वेल. तिला थंड हवा आणि उन्हाळ्याचे लांब दिवस लागतात, म्हणून जपानमध्ये ती नागानो, यामानाशी आणि उत्तरेकडे रुजली. ‘शिंशू वासे’ या जुन्या जपानी हॉपच्या नावातलं ‘शिंशू’ म्हणजेच नागानो. पुढे परदेशी हॉप स्वस्तात मिळू लागला आणि ही शेती आटत गेली. तर उन्हाळा संपता संपता हॉपची फुलं तोडतात. ओल्या फुलात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं. ढिगात ठेवलं तर ते तापतं, काळं पडतं. म्हणून लगेच वाळवतात, आणि वाळवताना काही नाजूक वास उडून जातात. ते वास हवे असतील तर फुलं ओलीच, तोडल्या तोडल्या उकळत्या काढ्यात टाकावी लागतात. शिगा कोगेनवाले ‘हार्वेस्ट ब्रू’ या नावाने अशी बिअर करतात, वर्षातून एकदाच, सुगीच्या दिवसांत.

पाहिलंत काय झालं? हॉप ओला ठेवला की तो द्राक्षासारखा झाला. तो थांबत नाही. इथे भट्टी शेताजवळ असणं भागच आहे. आमच्या कसोटीला ही बिअर पूर्ण उतरते. बिअरला गाव नसतं हे आमचं वाक्य इथे खोटं पडलं. तिला गाव जन्मतः मिळत नाही एवढंच खरं. कुणीतरी ते पत्करावं लागतं.

चौथं उदाहरण आम्हाला सगळ्यांत जास्त विचारात पाडतं. यामानाशी प्रांतात कोसुगे नावाचं खेडं आहे. जवळजवळ सगळं जंगल; वस्ती सुमारे सातशे. १९५० च्या दशकात तिथे दोन हजारांवर लोक होते. या गावाची नदी तामा नदीच्या उगमाकडची. पाणी ओकुतामाच्या सरोवरात जातं, म्हणजे १९५७ साली पुऱ्या झालेल्या ओगोची धरणात, आणि तिथून तोक्योच्या नळांत. या डोंगरांतली पुष्कळ जंगलं १९०१ पासून तोक्योच सांभाळतं, कारण शहराचं पाणी त्यांच्यावर अवलंबून आहे.

मघाशी सांगितलेली कागुआ ज्या कंपनीची, ती फार यीस्ट ब्रूइंग. तिने २०१७ मध्ये या गावात आपली भट्टी लावली. नाव ठेवलं ‘गेनर्यु’, म्हणजे उगम. २०२० मध्ये मुख्य कचेरीही तोक्योतून उचलून गावात आणली. यामानाशी हा पीच आणि द्राक्षं यांच्या उत्पादनात जपानात पहिला. ही फळं घालून ते बिअर करतात. रंगा-आकाराने बाजारात नाकारलेलं फळही त्यात खपतं, कारण काढ्यात डागाची अडचण होत नाही.

आता आमची कसोटी लावा. माल्ट बाहेरचा. पीच प्रांतातला, पण कोसुगेचा नव्हे. कागदावर पाहिलं तर गावाचं फक्त पाणी आहे. तरीही ही भट्टी हलवली तर काही हरवतं. तोक्योतला माणूस रोज या डोंगराचं पाणी पितो, पण नळाला नाव नसतं. पाणी आपलं नाव उगमापाशी सोडून खाली जातं. तेच पाणी बाटलीतून गेलं की नाव घेऊन जातं. ज्या गावाची माणसं शहरात गेली आणि पाणीही शहरात गेलं, तिथे उलट्या दिशेने एक कचेरी वर आली, काही तरुण वर आले. या नात्याला आम्ही ‘तिथलं’ म्हणायला तयार आहोत.

पण भाबडेपणा नको. एक भट्टी काही सातशेचे दोन हजार करणार नाही. तिथे मोजकीच माणसं कामाला लागतात. शाळा, दवाखाना, बस यांची जागा बिअर घेऊ शकत नाही.

[एका श्रोत्याचा प्रश्न : मग सर, माल्ट परदेशातला असला तरी चालेल असं म्हणायचं का?]

चालेल; पण लपवू नये. छोट्या भट्टीला स्वतःचा माल्ट करणं परवडत नाही; ते मोठ्या यंत्रांचं आणि मोठ्या मापाचं काम आहे. काही जण बार्ली पिकवतातही, पण ती माल्टसाठी दुसरीकडे धाडावी लागते. तेव्हा ‘आमचं हे तिथलं आहे, ते बाहेरचं आहे’ असं सरळ सांगणारा आम्हाला प्रामाणिक वाटतो. फसवणूक कुठे सुरू होते, सांगू? पाच टक्क्यांचं फळ शंभर टक्क्यांचं गाव म्हणून विकलं जातं तिथे.

आता मूळ प्रश्न विचारणाऱ्यांना उत्तर देऊन थांबतो. स्थानिक या शब्दाला अर्थ आहे. पण तो रंगासारखा, वजनासारखा वस्तूत बसलेला गुण नाही. तो संबंध आहे, आणि संबंधाला दोन टोकं असतात. म्हणून बाटली हातात आली की एकच प्रश्न विचारून भागत नाही. ‘या जागेने हिला काय दिलं?’ हा पहिला. त्याचं उत्तर लेबलावर मिळेल. ‘हिने या जागेला काय परत दिलं?’ हा दुसरा. त्यासाठी डोंगर चढून जावं लागतं. दुसऱ्याचं उत्तर नसेल तर पहिल्या उत्तरावर फार विसंबू नका.

पुढच्या वेळी याच धाग्यावरून ‘अस्सल’ या शब्दाकडे जाऊ. तोवर घरातली एखादी ‘स्थानिक’ वस्तू घ्या आणि तिला हे दोन प्रश्न विचारून पाहा. काय सापडलं ते आम्हाला जरूर कळवा.